खाणीच्या तळाला नवी गाडी

गाडी घरी आली त्या दिवशी बबडीने शेजाऱ्यांना काही सांगितलं नाही, तरी अर्ध्या तासात अख्खी इमारत खाली उतरली होती. शेवाळी रंगाची, छातीएवढ्या बॉनेटची, डोंगर चढणारी आणि कमरेएवढ्या पाण्यातून जाणारी ती दांडगी गाडी इमारतीच्या दोन खांबांमध्ये अशी उभी होती, की दोन्ही बाजूंना फक्त वीतभर जागा उरली होती. पहिल्या मजल्यावरच्या शिंप्याने टेप आणून ती जागा मोजलीसुद्धा. मग बबडी दार किलकिलं करून, पोट आत ओढून, कशीबशी बाहेर आली आणि सगळे हसले.

बबडी एक्कावन्न वर्षांची होती, पण घरात तिचं ते नाव सुटलं नव्हतं. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर तिची दातांची प्रयोगशाळा होती. शहरातले दंतवैद्य माप पाठवायचे आणि ती त्याबरहुकूम कॅप, ब्रिज, कवळ्या बनवायची. अठ्ठावीस वर्षं ती एका उंच स्टुलावर, दिव्याखाली, भिंग लावून बसली होती. दाढेवरची एक खाच केसभर खोल गेली, तर पेशंटला घास चावता येत नाही. त्यामुळे तिचं सगळं जग तांदळाच्या दाण्याएवढं झालेलं. बहुतेक म्हणूनच तिला एवढी मोठी वस्तू हवी होती. तिचा नवरा कॉलेजात ग्रंथपाल होता. त्याला पायी हिंडायला आवडायचं आणि गाडीत पाऊण तास बसलं की मळमळायचं. तो म्हणाला, "आपल्या रस्त्यावरचा सगळ्यात मोठा डोंगर म्हणजे शाळेपुढचा गतिरोधक." पण तिने हौस केली यात त्याला मनापासून आनंद होता, आणि गाडीचं सहाशे पानांचं पुस्तक त्यानेच आधी वाचून काढलं.

पहिले पंधरा दिवस बबडी जमिनीवर नव्हती. दूध आणायलाही ती गाडी काढायची. हात भरलेले असताना मागच्या बंपरखाली पाय हलवला की डिकी आपोआप उघडते, हे तिने तिच्या हाताखालच्या तिन्ही कारागिरांना करून दाखवलं, आणि एकाचं समाधान न झाल्यामुळे चार वेळा दाखवलं. सीट पाठ दाबून द्यायची. दिवसभर वाकून बसलेल्या तिच्या पाठीला ते इतकं बरं वाटायचं, की घरी पोचल्यावरही ती पाच मिनिटं गाडीतच बसून राही. पडद्यावर गाडी वरून दिसे, जणू कोणी झाडावर चढून बघतंय. गिअरजवळ एक गोल चकती होती आणि तिच्यावर चित्रं होती: गवत, वाळू, चिखल, खडक. गवतापर्यंत तिने फिरवून पाहिली होती, तीही बागेशेजारच्या हिरवळीवर, माळ्याचा ओरडा खात. खडकाचं चित्र मात्र रोज तिच्याकडे बघत असायचं. कंपनीने नव्या मालकांसाठी एक दिवसाचा वर्ग ठेवला होता. त्यात मातीच्या ढिगावरून गाडी उतरवताना पोटात उठलेला गोळा तिला अजून आठवत होता, आणि तो परत हवा होता.

तिच्या आनंदात भागीदार नव्हते ते फक्त बाबा. तिचे वडील, वय अठ्ठ्याहत्तर. दोन्ही गुडघे कुरकुरायला लागल्यापासून ते लेकीकडे राहत होते. त्यांनी चाळीस वर्षं दगडाच्या खाणीत डंपर चालवला होता; खाणीतले लोक त्यांना उस्ताद म्हणत. गाडीभोवती त्यांनी काठी टेकत एक चक्कर मारली, टायर दाबून पाहिला, आत डोकावले आणि विचारलं, क्लच कुठाय. नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मग चालवतं कोण? तू, की ती?" गाडी उंच होती म्हणून बबडीने बटण दाबून ती खाली आणली, म्हणजे त्यांना चढता यावं. हुश्श करून गाडी चार बोटं खाली बसली. बाबा दोन पावलं मागे सरकले. "वाकतेय कशाला? मी काय साहेब आहे?" असं म्हणून ते जिना चढून वर गेले, आणि दोन आठवडे गाडीत बसले नाहीत.

मग एका शुक्रवारी जेवताना बबडीने विषय काढला. खाणीत उतरायचा रस्ता अजून आहे का, असं तिने सहज विचारलं. बाबांचा घास हातातच राहिला.

ती खाण बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. बबडीचं लहानपण तिच्या काठावरच्या वसाहतीत गेलं होतं. दुपारी दोनला सुरुंग उडायचे आणि घरातली भांडी थरथरायची. शाळेला सुट्टी असली की ती बाबांचा डबा घेऊन काठावर जायची आणि खाली बघायची. बाबांचा डंपर आगपेटीएवढा दिसायचा. खाली यायचंय म्हणून तिने नऊ वर्षांची असताना फार हट्ट केला होता. ती मुलींची जागा नाही, एवढंच बाबा म्हणाले होते, आणि तो विषय तिथेच मिटला होता. ज्या जागेच्या जिवावर घर चाललं, ती जागा तिने तळाला जाऊन कधी पाहिलीच नव्हती.

रस्ता आता कसा असेल कोण जाणे, असं बाबा म्हणाले. शनिवारी मात्र त्यांनी स्वतःच खाणीच्या राखणदाराला फोन लावला आणि तासभर बोलत बसले. राखणदार त्यांच्या हाताखाली काम केलेला होता. उस्ताद येणार असतील तर रस्त्यावरची साखळी काढतो, असं तो म्हणाला.

रविवारी सकाळी तिघे निघाले. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि ते काही न बोलता पुढच्या सीटवर चढून बसले. नवरा मागे, खिडकी उघडी ठेवून, हातात लिंबू धरून. शहर संपलं, गुळगुळीत रस्ता संपला आणि पांढऱ्या धुळीचा रस्ता सुरू झाला तशी बबडीने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. खाणीच्या तोंडाशी राखणदार चहाची किटली घेऊन उभा होता. नवरा खाली उतरला, त्याने कड्यावरून एकदा खाली वाकून पाहिलं आणि आपण इथेच थांबतो असं जाहीर केलं. राखणदाराने त्याच्यासाठी खुर्ची आणली.

खाली जायचा रस्ता कड्याला चिकटून, तीन वळणं घेत उतरत होता. एका अंगाला दगडाची उभी भिंत, दुसऱ्या अंगाला दरी. एके काळी दोन डंपर शेजारून जात इतका तो रुंद होता. आता कड ढासळली होती आणि मधोमध पाण्याने चर पाडले होते. बबडीने चकती फिरवली आणि पहिल्यांदाच खडकाच्या चित्रावर आणून ठेवली. गाडी उंच झाली. इंजिनाचा आवाज बदलला, जणू कोणी घसा साफ केला.

पहिलं वळण सोपं गेलं. दुसऱ्याच्या अलीकडे उतार एकदम तुटल्यासारखा दिसला. बॉनेटच्या पुढे फक्त आकाश होतं. बबडीने गाडी थांबवली.

"ब्रेकवरून पाय काढू नकोस," बाबा म्हणाले. त्यांनी वरचं हँडल घट्ट धरलं होतं. "हळूहळू दाबत ने."

तिने उतरणीचं बटण दाबलं. या बटणाचं काम तिला वर्गात नीट शिकवलं होतं: गाडी प्रत्येक चाकाला वेगळा ब्रेक लावते, माणसाने मध्ये पडायचं नाही. "बाबा, पाय काढल्यावरच ती नीट उतरते."

"चाळीस वर्षांत मी उतारावर ब्रेकवरून पाय काढलेला नाही. ज्याने काढला तो आज सांगायला नाही."

"मला माहितेय. पण हिला पायाची गरज नाही. मी शिकलेय हे."

बाबांनी हँडल आणखी घट्ट धरलं. ते पटल्याचं लक्षण नव्हतं. बबडीने पाय उचलला. गाडीचं नाक खाली झुकलं, दोघंही पट्ट्यावर लोंबकळल्यासारखे झाले, आणि खालून कट-कट-कट असा आवाज सुरू झाला. गाडी घसरली नाही. चालत्या माणसाच्या वेगाने, एकेक चाक चाचपून ठेवत ती उतरत राहिली. बाबा रस्त्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर लेकीच्या पायांवर होती. तिने दोन्ही पाय जमिनीवर सपाट ठेवले होते, जेवायला खुर्चीवर बसल्यासारखे. तिसरं वळण संपेपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही. गाडी तळाला लागली तेव्हा त्यांनी हँडल सोडलं आणि बोटं उघडमीट केली.

"माझ्याकडे हे असतं," ते सावकाश म्हणाले, "तर माझे गुडघे आज शाबूत असते."

खाणीचा तळ बबडीच्या कल्पनेपेक्षा फार मोठा होता. चारी बाजूंना पायऱ्या-पायऱ्यांनी चढत गेलेले कडे, आणि एका कोपऱ्यात हिरवं, काचेसारखं पाणी साचलेलं. कड्यांवर वरून खाली सरळ रेघा होत्या; सुरुंगासाठी मारलेल्या भोकांच्या अर्ध्या खुणा. बाबा काठी टेकत पुढे झाले आणि थांबेचनात. इथे दगड फोडायचं यंत्र होतं. इथे सात नंबरचा डंपर उभा राहायचा, आपला. या कपारीत दुपारी सावली यायची, इथे सगळे डबे उघडायचे. ती ऐकत होती आणि वर काठाकडे बघत होती. तिथून ती डबा घेऊन बघायची. तिथे आता खुर्चीत बसलेला नवरा दिसत होता, एवढासा.

"तेव्हा आणलं असतं तर धुळीने आजारी पडली असतीस," बाबा म्हणाले. तिने काही विचारलं नव्हतं. मग काठाकडे बघत ते म्हणाले, "तरी एकदा आणायला पाहिजे होतं."

तिने गाडीचं पुढचं दार उघडलं, चालकाच्या बाजूचं, आणि सीट मागे सरकवली. बाबांनी आपलं लायसन्स संपून नऊ वर्षं झाल्याचं सांगितलं. इथे कोण विचारतंय, असं ती म्हणाली. मग त्यांनी आणखी एकही कारण दिलं नाही. काठी तिच्या हातात देऊन ते चढले.

पहिलाच प्रयोग फसला. गाडी हलली न हलली तोच सवयीने त्यांचा डावा पाय क्लच शोधायला गेला आणि दाणकन ब्रेकवर बसला. शेजारी बसलेल्या बबडीचं कपाळ जवळजवळ काचेला लागलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि मग बबडीला हसू आवरेना. बाबांनी डावा पाय सीटखाली दुमडून घेतला, उरलेल्या पायाने अलगद दाबलं, आणि गाडी निघाली. एक फेरी झाली. दुसरी थोडी जोरात झाली. आवाजच नाही हिला, अशी त्यांची तक्रार होती, म्हणून बबडीने चारी काचा खाली केल्या. टायरखाली खडी करकरायला लागली, धूळ आत आली, तिच्या नव्याकोऱ्या सीटवर बसली, आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही. तिसऱ्या फेरीला बाबांचं कोपर खिडकीबाहेर होतं. त्यांनी मोठ्याने हॉर्न वाजवला. तो चारी कड्यांवर आपटून परत आला, आणि वरून राखणदाराने शिट्टी मारून जबाब दिला.

परत निघायला अकरा वाजले. चढताना बबडी पुन्हा चालवायला बसली. आता तिला भीती उरली नव्हती, आणि तिथेच चूक झाली. मधल्या वळणावर भिंतीच्या अंगाला मोठाले दगड पडले होते. दरीकडची बाजू मोकळी, सपाट दिसत होती. तिने गाडी मोकळ्या बाजूने घेतली. अर्ध्या चढावर चाकं नुसती फिरायला लागली. खडी मागे उडाली, पडद्यावर पिवळे दिवे लुकलुकले, आणि अडीच टनांची गाडी मागे सरकली. हातभरच, पण दरीच्या दिशेने.

बबडीने ब्रेक दाबून धरला. पडद्यावर गाडी वरून दिसत होती, आणि मागच्या चाकालगत कडेची तुटकी रेघ.

बाबांचा आवाज मात्र अगदी घरात बोलावा तसा होता. "घाबरू नकोस. स्टिअरिंग सरळ. आलीस त्याच रेषेत मागे जा. हळू." ती गेली. सपाटीवर आल्यावर त्यांनी दार उघडलं आणि ते काठी घेऊन चढाला लागले. गुडघे धरत, दर चार पावलांना थांबत. मोकळ्या बाजूची खडी त्यांनी काठीने उकरली. काठी वीतभर आत गेली. मग ते भिंतीकडच्या दगडांपाशी गेले, एकेकाला काठीने ठोकलं, एकावर उभे राहून पाहिलं, आणि खाली आले.

त्यांनी सांगितलं ते असं. भरलेले डंपर नेहमी भिंतीकडून चढायचे, रिकामे कडेने उतरायचे. म्हणून भिंतीकडची जमीन चाळीस वर्षं दाबून दाबून सिमेंटसारखी झालीय. वरचे दगड दिसतात भयंकर, पण घट्ट बसलेत. जायचं ते त्यांच्यावरूनच. टायरमधली हवा थोडी सोडायची, म्हणजे रबर दगडाला धरेल. आणि मध्ये थांबायचं नाही.

"भिंतीला घासेल गाडी," बबडी म्हणाली.

"आरसे मिट. पाच बोटं जागा आहे. केसभराचं काम रोज करतेस ना?"

तिने आरसे मिटले. हवा सोडली, बाबा अंगठ्याने टायर दाबून बस म्हणेपर्यंत. मग बाबा पुन्हा वर चढले आणि वळणाच्या डोक्यावर, भिंतीला पाठ लावून उभे राहिले. पडद्याकडे बघू नको, माझ्या हाताकडे बघ, असं त्यांनी बजावलं होतं. उघडा पंजा म्हणजे ये, मूठ म्हणजे थांब, आणि बोट ज्या बाजूला त्या बाजूला चाक.

तिने पडदा बंद केला. पहिला दगड चाकाखाली आला आणि गाडीचा एक खांदा वर गेला. समोर बाबांचा पंजा उघडा होता. दुसऱ्या हाताचं बोट किंचित भिंतीकडे. तिने स्टिअरिंग तेवढंच फिरवलं, दाढेवर ब्रश टेकवताना मनगट फिरवते तितकं. दुसरा दगड. गाडी डावीकडे कलली, मागचं एक चाक हवेत गेल्याचं तिला कमरेत कळलं. दाबलेला पाय तिने सुटू दिला नाही. पंजा उघडाच होता. मागच्या दाराशी कर्र असा लांबलचक आवाज झाला, आणि एरवी तिचा जीव गेला असता, पण बाबांचा हात थांबला नव्हता म्हणून तीही थांबली नाही. मग नाक खाली आलं, समोर आकाशाऐवजी रस्ता दिसला, आणि बाबा दारापाशी होते. त्यांनी गाडीच्या बॉनेटवर थाप मारली, मग खिडकीतून हात घालून लेकीच्या खांद्यावर.

वर नवरा खुर्ची सोडून उभा होता. आपण सगळं पाहिलं, फक्त मधल्या वळणाच्या वेळी डोळे मिटले होते, हे त्याने प्रामाणिकपणे कबूल केलं. राखणदाराने चहा ओतला. दारावर वीतभर लांब ओरखडा होता, खालचं पांढरं दिसण्याइतका खोल. चौघं त्याच्याभोवती उभे राहून चहा प्यायले. डिकीतला पंप लावून टायरमध्ये हवा भरता भरता बाबा राखणदाराला सांगत होते, की हिला क्लच नाही हे बरंच आहे, एक पाय मोकळा राहतो.

सोमवारी सकाळी बबडी प्रयोगशाळेत उशिरा पोचली, कारण इमारतीखाली शिंप्याने तिला ओरखड्याबद्दल विचारलं आणि सांगता सांगता वीस मिनिटं गेली. दिवसभर हातात एक पुढचा दात होता, त्याचा रंग जुळत नव्हता, आणि तरी ती गुणगुणत होती. कारागिरांनी एकमेकांकडे पाहिलं.

बाबांचा फोन दोन दिवस चालू होता. रविवारची गोष्ट त्यांच्या तोंडून ऐकताना बबडीच्या लक्षात आलं, की दर खेपेला कडा थोडा उंच होतोय आणि तिची गाडी चालवण्याची तारीफ थोडी वाढतेय. तिने दुरुस्त केलं नाही.

बुधवारी ती कामावरून परतली तेव्हा फाटकापाशी तीन म्हातारे बसले होते. तिघांचे शर्ट इस्त्रीचे, एकाच्या कानात यंत्र. मध्ये बाबा. ते उठले आणि त्यांनी ओळख करून दिली: हा सुरुंगवाला, हा क्रेनवाला, हा पाच नंबरचा डंपर. तिघांनी गाडीकडे बघितलं आणि मग बबडीकडे.

"तू चालवतेस ना?" सुरुंगवाल्याने जरा मोठ्याने विचारलं.

"मीच चालवते, काका."

"मग रविवारी पुढे मी बसणार," तो बाबांकडे वळून म्हणाला. "उस्ताद मागे."

पाच नंबरच्या डंपरला हे मुळीच मान्य नव्हतं. चौघांची तिथेच जुंपली. बबडीने दार उघडलं, मागच्या सीटमधला हातटेका वर करून पाच जण कसे बसतील ते बघितलं आणि नवऱ्याला फोन करून सांगितलं, की या रविवारी तुझी सुटका झाली, गाडीत जागा नाही.